तीन चित्रं उशिरा

सालातिगाच्या विद्यापीठामागच्या गल्लीत वेनिंगचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि दुकानात दिवसभर दोन आवाज असायचे. एक मशीनचा: घुर्र-खट्, घुर्र-खट्. दुसरा कागदाच्या गठ्ठ्यावर पालथ्या ठेवलेल्या फोनचा: टिंग, टिंग, टिंग. पहिल्या आवाजावर तिचं पोट चालायचं, दुसऱ्यावर मन.

फोनमध्ये चारशे बारा माणसं राहत होती. बँकेतला कारकून, दातांची डॉक्टरीण, टपालखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा, बालवाडीची बाई, मोटरसायकलवरून सवाऱ्या नेणारे दोन जुळे भाऊ. सगळी कळती, संसारी माणसं. आणि सगळी एका बदकावर जीव टाकणारी.

बदकाचं नाव गेंबुस, आणि ती होती भातखाचरांतली पोस्टमन. पाच वर्षांच्या पोरांसाठी काढलेलं दहा मिनिटांचं कार्टून ते. पिवळा रेनकोट घालून, गळ्यात पिशवी अडकवून गेंबुस बांधाबांधावरून चालायची, बेडकांची, गोगलगायींची, बगळ्यांची पत्रं पोचवायची, वाटेत कुणाचं तरी भांडण मिटवायची, की झाला भाग संपला. पण तिची चाल मात्र तिची एकटीचीच. उजवा पाय टप् दिशी पडायचा. डावा लगेच खाली येत नसे. तो हवेत अर्धा चंद्र काढायचा, वर घुटमळायचा, आणि मग टुक करून टेकायचा. त्या घुटमळण्यावरच तिचं गाणं बांधलेलं होतं:

ओल्या ओल्या बांधावर, टप्, हूऽ, टुक,
बेडूकदादा, पत्र आलं, सोड रुखरुख.
वाट माझी वाकडी, टप्, हूऽ, टुक,
पोचण्याची ठरली वेळ, नाही त्यात चूक.

ग्रुपवर वेनिंगचं नाव होतं 'खारं अंडं'. कोणत्या भागात गोगलगायीला दोन शंख दिसले, बगळ्याचा चष्मा कधीपासून गायब झाला, बेडूकदादाची बायको आधी हिरवी होती की करडी, असं काहीही अडलं की लोक लिहायचे, "खाऱ्या अंड्याला विचारा." खारं अंडं म्हणजे कुणीतरी विधुर प्राध्यापक असणार, घरात सात मांजरी असणार, असं मंडळींनी आपसांत ठरवून टाकलं होतं. वेनिंगने त्यांना कधी खोडून काढलं नाही. उलट मधूनमधून एखाद्या मांजरीची खबर द्यायची.

कारण गल्लीत तिला ओळखणारा प्रत्येक जण आधी तिच्या डाव्या पायाकडे बघायचा, मग तोंडाकडे, आणि मग घाईघाईने छताकडे. तिसऱ्या वर्षी ताप आला होता, ताप गेला, जाताना पायातली ताकद घेऊन गेला. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, पण लोकांचं वाटणं संपत नव्हतं. फोनमध्ये मात्र तिला पाय नव्हतेच. नुसती जीभ होती, आणि ती चांगली तिखट होती.

आणि एक गोष्ट त्या चारशे बारा जणांत कुणालाच ठाऊक नव्हती. गेंबुसची चाल वेनिंगची होती.

आठ वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ गालिह सेमारांगच्या एका स्टुडिओत नुकताच चित्रं काढायला लागला होता. त्याला एक बदक चालवायचं होतं. शंभर बदकं काढली, आणि सगळी लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखी चालत होती. तो वैतागून घरी आला, ओट्यावर बसला, आणि समोरून वेनिंग विहिरीवरून बादली घेऊन आली. गालिह ताडकन उठला.

"म्बाक, अगं ताई, थांब! परत जा. परत ये."

"बादली तुझा बाप उचलणार का?"

"रिकामी घेऊन ये. पण ये!"

त्या दिवशी फाटकापासून विहिरीपर्यंत तिने चाळीस खेपा घातल्या आणि त्याने त्या फोनवर टिपल्या. मोबदला म्हणून तिने दोन वाट्या बाक्सो मागितला, आणि मटणाचे गोळे गिळता गिळता बजावलं, "हे कुणाला सांगायचं नाही, गालिह. बदक आवडलं लोकांना, तर बदक म्हणून आवडू दे. माझी कीव मिसळू नकोस त्यात." गालिहने बाक्सोच्या वाटीवर हात ठेवून शपथ घेतली.

पहिला भाग लागला तेव्हा ती एकटीच टीव्हीसमोर बसली होती. आरशात तिने आपली चाल कधी धड पाहिली नव्हती. बदकात पाहिली, तर ती चक्क देखणी होती.

*

गुरुवारी दुपारी ग्रुपवर बालवाडीच्या मुर्नीबाईंचा लांबलचक निरोप आला.

"मंडळी, जरा जड बोलते, रागावू नका. माझ्या वर्गात आजेंग नावाची मुलगी आहे. पायाला पट्ट्या लावून चालते. काल मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती 'गेंबुस, गेंबुस' करत लंगडत होती. ती कोपऱ्यात जाऊन बसली. मला घास गेला नाही. आणि मग मनात आलं, आपण मोठी माणसं तरी काय करतो? दर वर्षी संमेलनात पिवळे रेनकोट घालून हेच ना? आता गेंबुसचा सिनेमा येतोय. स्टुडिओला पत्र लिहू या, गेंबुसला सरळ चालवा म्हणून. रविवारी सगळे भेटणारच आहोत, तेव्हाच सह्या करू."

पाठोपाठ बँकेतल्या बोंदानचा निरोप. बोंदान म्हणजे ग्रुपचा चित्रगुप्त. कार्टूनमधल्या एकूण एक चुकांची यादी त्याने करून ठेवली होती.

"भावनेचं मला कळत नाही. पण माझ्या यादीत ही पहिल्या नंबरची चूक आहे, सहा वर्षं. दोन पावलांची मिळून सोळा चित्रं. डावा पाय नवव्या चित्राला टेकायला हवा. टेकतो बाराव्याला. तीन चित्रं उशिरा! कुणीतरी मोजायला चुकलंय. दुरुस्त करत असतील तर सोन्याहून पिवळं."

मग लाल बदामांच्या चिन्हांचा पाऊस. मग कुणीतरी विचारलं, "खाऱ्या अंड्याचं काय म्हणणं?"

वेनिंगने लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मुर्नीचा राग यावा असं तिला फार वाटत होतं, पण येईना. कारण कोपऱ्यात जाऊन बसलेली ती पोर तिला दिसत होती. त्या कोपऱ्यात ती स्वतः बसून आली होती. तिथल्या भिंतीचा पोपडासुद्धा तिला आठवत होता. पण म्हणून गेंबुसने सरळ चालायचं?

"म्बाक!" काउंटरवरचा विद्यार्थी किंचाळला. "माझं एकतिसावं पान किती वेळा काढताय?"

ट्रेमध्ये एकतिसाव्या पानाच्या बावन्न प्रती पडल्या होत्या.

*

शनिवारी सकाळी गालिह बसने आला. पाठीवरची बॅगही न उतरवता त्याने काउंटरवर लॅपटॉप उघडला.

"बघ."

पडद्यावर गेंबुस चालत होती. टप्, टप्, टप्, टप्. गुळगुळीत, सरळ, एका मापाची.

"ही कोण?" वेनिंग म्हणाली.

"गेंबुस."

"ही नाही गेंबुस. ही पोलिसांच्या संचलनाला निघालीय."

"स्टुडिओच्या साहेबांनी काढवून घेतलीय माझ्याकडून. म्हणाले, चाहतेच पत्र देणार आहेत म्हणे, आपण कशाला वाईटपणा घ्या. मंगळवारी चाल पक्की होणार. पूर्ण सिनेमा असा." तो जरा थांबला. "म्बाक, मी सांगू का त्यांना? एका वाक्याचं काम आहे. ही माझ्या बहिणीची—"

"नाही."

"अगं, पण—"

"तू वाटीवर हात ठेवला होतास."

"वाटी फुटून सहा वर्षं झाली!"

"बाक्सो पोटात गेलाय ना? मग झालं." तिने मशीनचं झाकण आपटलं. मग ती कागद चापूनचोपून सारखे करत राहिली. गालिहने बोललेलं तिला नको होतं. सांगितलं की काय होणार, ते तिला पाठ होतं. चारशे बारा माणसं आधी पायाकडे बघणार, मग तोंडाकडे, मग छताकडे. खाऱ्या अंड्याच्या थट्टेला कुणी उलट थट्टा करणार नाही. सात मांजरींची चौकशी कुणी करणार नाही. 'किती धीराची बाई' म्हणून बदाम पाठवतील, आणि त्या बदामांखाली ती गाडली जाईल.

आणि नाही सांगितलं, तर ही संचलनवाली बदक पोरांच्या डोळ्यांपुढे चालत राहणार, कायमची.

"उद्याचं संमेलन किती वाजता आहे?" तिने विचारलं.

गालिहने आ वासला. सहा वर्षांत ती एकदाही गेली नव्हती.

"नऊ वाजता."

"मग मला आठला सोड."

*

आठला सोड म्हणण्यामागे तिचा एक बेत होता. सगळ्यांच्या आधी पोचायचं, एका खुर्चीत बसायचं, सगळे गेले की उठायचं. मधल्या वेळात बसल्या बसल्या जे बोलता येईल ते बोलायचं. बसलेल्या माणसाची चाल कुणाला दिसत नाही.

चारी बाजूंनी उघड्या सभामंडपात अजून कुणी नव्हतं. मधोमध एक लांबलचक हिरवं कापड अंथरलेलं होतं, तो बांध. कापडाच्या टोकाशी एकच खुर्ची. तिच्यासमोर छोटं टेबल, टेबलावर बशी, बशीत एक निळसर खारवलेलं अंडं. वेनिंग हुश्श करून त्या खुर्चीत बसली, पाय खुर्चीखाली घेतला. गालिहला तिने बाहेर मोटरसायकली लावायच्या जागी लपायला पिटाळलं.

हळूहळू माणसं जमू लागली. पिवळे रेनकोट, केळीच्या पानातला चिकट भात, डब्यात एकमेकांना चिकटलेले क्लेपोन, म्हणजे गूळ भरलेले हिरवे गोळे. फोनमधली नावं अंगाखांद्यासकट येताना बघून तिला मौज वाटत होती. बोंदान एवढा धिप्पाड असेल असं वाटलं नव्हतं. चुका शोधणारा माणूस तिने काडीसारखा कल्पिला होता. मुर्नी लहानखुरी, डोळे सुजलेले, हातात पत्राची फाइल छातीशी धरलेली. टपालखात्यातले आजोबा हार्सो, ज्यांना सगळे मानाने 'पाक' म्हणत, दोन तोंडांचा ढोल मांडीवर घेऊन बसले.

जुळ्या भावांपैकी एक तिच्याजवळ आला.

"म्बाक, नवीन आहात ना? जरा दुसरीकडे बसाल का? ही खुर्ची राखीव आहे."

"कुणाची?"

"खाऱ्या अंड्याची. ते येत नाहीत कधी, पण आम्ही दर वर्षी ठेवतो. अंडंही ठेवतो. मान असतो त्यांचा."

वेनिंगने बशीतल्या अंड्याकडे पाहिलं. सहा वर्षं तिच्यासाठी एक खुर्ची मांडली जात होती, आणि तिला पत्ता नव्हता. आणि आता त्याच खुर्चीतून तिला उठवत होते, आणि उठायचं तर ती चाल सगळ्यांसमोर.

"बसते जरा," ती पुटपुटली. "उन्हातून आलेय."

"सावलीला अजून खुर्च्या आहेत, आणून देऊ?"

"नको. हीच बरी आहे."

जुळा गेला, आणि दुसऱ्या जुळ्याला म्हणाला, "कोण आहे ही? सरळ मानाच्या खुर्चीत! आणि उठत नाही वर!" चारपाच माना वळल्या. कुणीतरी मोठ्याने पुटपुटलं, "काहींना रीत म्हणून नसते." वेनिंगने अंड्याकडे नजर लावली.

मुर्नीने पत्र वाचून दाखवलं. वाचताना दोनदा तिचा आवाज भरून आला. पत्र चांगलं होतं, मनापासून लिहिलेलं. लोकांनी माना डोलावल्या.

"सह्यांच्या आधी," बोंदान म्हणाला, "या वर्षीपासून आपणही सरळ चालायचं. म्हणजे सिनेमाच्या आधी सवय होईल. पाक हार्सो, वाजवा!"

तीस माणसं पिवळ्या रेनकोटात हिरव्या कापडावर एकामागे एक उभी राहिली. ढोल सुरू झाला, गाणं सुरू झालं. ओल्या ओल्या बांधावर, टप्, हूऽ...

आणि घोटाळा झाला. 'हूऽ'ला पाय कुठे ठेवायचा कुणालाच कळेना. निम्मे पुढे गेले, निम्मे थांबले. बोंदान दातांच्या डॉक्टरणीवर आदळला, डॉक्टरीण जुळ्यावर, एक जुळा दुसऱ्यावर, आणि ती सगळी पिवळी आगगाडी क्लेपोनच्या डब्याजवळ जाऊन बसली. डबा आडवा झाला. हिरवे गोळे मंडपभर पळाले.

"पाक, जरा सरळ वाजवा ना!" बोंदान खालून ओरडला.

"सरळच वाजवतोय!" पाक हार्सो तडकले. "गाण्यातच ती जागा आहे. काढली तर गाणं लंगडं होतं. तुम्ही पाय सरळ केलात, गाणं मोडलंत!"

सगळे हसले. मुर्नी हसली नाही. ती एक एक क्लेपोन उचलत होती, आणि उचलता उचलता म्हणाली, "गाणं मोडलं तर मोडू दे, पाक. पोर मोडायला नको. मी काही हौसेने नाही करत हे. आपल्यात तसं कुणी असतं, तर त्यालाच विचारलं असतं. पण आपल्यात तसं कुणी नाहीच ना."

मंडपात एक आवाज आला: टक्.

वेनिंगने बशीच्या कडेवर अंडं फोडलं होतं. तिने ते सावकाश सोललं. एक घास घेतला.

"अहो!" जुळे एका सुरात किंचाळले. "खाल्लं! हिने अंडं खाल्लं!"

"कोण आहात कोण तुम्ही?" बोंदान उठून उभा राहिला. "ते खाऱ्या अंड्याचं अंडं आहे!"

"मग खाऊ दे की," वेनिंग भरल्या तोंडाने म्हणाली. "अठ्ठावीस नंबरच्या भागात गोगलगायीला दोन शंख आहेत, बोंदान. तू तीन महिने भांडत होतास, एकच आहे म्हणून. माफी अजून मागायची राहिलीय तुझी."

बोंदानचा जबडा खाली आला. पाक हार्सोंनी ढोलावर एक थाप मारली. मग जो कल्ला झाला!

"खारं अंडं बाई आहे!"

"प्राध्यापक नाही?"

"आणि मांजरी? सात मांजरी?"

"एकही नाही. मला शिंका येतात."

"देवा रे! मी त्या मांजरींसाठी दोनदा औषध सुचवलंय!" डॉक्टरणीने कपाळावर हात मारला.

सगळे तिच्याभोवती गोळा झाले. त्या गलक्यात वेनिंगला इतकं बरं वाटत होतं की इथेच थांबावं, असं एकदा मनात आलं. अंडं खावं, दोन थट्टा कराव्या, घरी जावं. पण समोर मुर्नी फाइल छातीशी धरून उभी होती, आणि फाइलच्या पलीकडे मंगळवार होता.

"सरका जरा," वेनिंग म्हणाली. "कापड मोकळं करा. पाक, वाजवा. आधी वाजवत होतात तसंच."

ती उठली.

उजवा पाय, टप्. डावा हात देहापासून जरासा सुटा झाला, पंख उचलावा तसा. मग डाव्या पायाने हवेत अर्धा चंद्र काढला. हूऽ. मग टुक. टप्, हूऽ, टुक. हिरव्या कापडावरून ती त्या टोकाला गेली. तिचं लक्ष समोरच्या खांबाकडे होतं. लोकांच्या नजरा पायावरून तोंडाकडे आणि तोंडावरून छताकडे जाताना तिला बघायच्या नव्हत्या. ढोल तिच्या पावलाला इतका बिलगून वाजत होता की कोण कुणामागे चाललंय हेच कळत नव्हतं.

टोकाशी ती वळली. आणि बघते तो काय, छताकडे कुणीच बघत नव्हतं.

बोंदान कापडाच्या कडेला पोटावर आडवा झाला होता. नाक जमिनीला, डोळे तिच्या पावलावर, बोटं मोजत होती. "नऊ... दहा... अकरा... बारा! बाराव्याला! मंडळी, बरोब्बर बाराव्याला!" मग त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा रडवेला झाला. "आणि पंख! अरे, पंख आधी उघडतो! पाय मागून! सहा वर्षं मी पायच मोजत बसलो. पंख बघितलाच नाही कुणी!"

"आपण पाय फरफटत होतो," एक जुळा हादरून म्हणाला.

"सहा वर्षं चुकीचं," दुसरा म्हणाला.

"फरफटत नाही मी," वेनिंग म्हणाली. "फेकते. फरफटलं तर चप्पल जाते."

तेवढ्यात मोटरसायकलींच्या मागून गालिह बाहेर आला, दोन्ही हात वर करून. "मी काही बोललेलो नाही, म्बाक! शपथ शाबूत आहे!" चित्रं काढणारा माणूस कोण आणि ही त्याची कोण, हे मग त्याला सांगावंच लागलं. विहीर, बादली, चाळीस खेपा, दोन वाट्या बाक्सो. बोंदान मातीत बसल्या बसल्या सगळं लिहून घेत होता.

मुर्नी मात्र तिथेच उभी होती. डोळे वाहत होते. ती जवळ आली.

"म्बाक, मला माफ करा. मी तुमचीच चाल पुसायला निघाले होते."

"रडू नका. रुमाल सगळे क्लेपोनला लागलेत." वेनिंगने तिचा हात धरून तिला खुर्चीपाशी आणून जमिनीवर बसवलं, आणि आपणही खुर्चीत टेकली. "आणि माफी कसली? तुम्हाला त्या पोरीचं लागलं, ते खरंच आहे. पोरं तिच्याभोवती नाचली, ते वाईटच. मला शाळेत खुर्चीचा मोडका पाय म्हणायचे. पण मला एक सांगा. आजेंग काय म्हणाली?"

"मी पोरांना रागावले. बाहेर उभं केलं."

"ते पोरांचं झालं. आजेंग काय म्हणाली?"

मुर्नीने फाइल खाली ठेवली.

"मी तिला... विचारलं नाही. म्हटलं, आणखी दुखवायला नको."

"उद्या विचारा. बस, एवढंच. मग पत्राचं ठरवा. पण मंगळवारच्या आत."

बाकीच्यांना मात्र उद्यापर्यंत दम नव्हता. त्यांना आत्ताच ती चाल शिकायची होती. वेनिंगने खुर्ची बांधाच्या मधोमध ओढून घेतली आणि एकेकाला समोरून चालायला लावलं. "बोंदान, पंख आधी! तू पिशवी चोरून पळतोयस." "डॉक्टरीणबाई, चंद्र काढायचाय, फणस नाही." "जुळ्यांनो, तुम्ही दोघं मिळून एक पाऊल टाकताय का?" तीसपैकी एकही पास झाला नाही. पाक हार्सोंना काठावर पास केलं, तेही त्यांचा गुडघा खरोखरच दुखत होता म्हणून.

*

सोमवारी दुपारी दुकानात गर्दी होती. फोन टिंग करून वाजला, पण वेनिंगने आधी एकतिसावं पान नीट काढून दिलं, एकदाच, आणि मग फोन उलटा केला.

आधी बोंदानचा निरोप होता. त्याने यादीतून पहिला नंबर काढून टाकला होता. यादी आता दुसऱ्या नंबरपासून सुरू होत होती, आणि पहिल्या जागी एकच ओळ होती: "इथे चूक नव्हती. मोजणारा चुकला होता." खाली बारीक अक्षरांत: "गोगलगायीला दोन शंख. माफ करा."

मग गालिहचा. मुर्नीने जुनं पत्र फाडून सकाळीच नवं पाठवलं होतं, रातोरात ग्रुपवर गोळा केलेल्या चारशे बारा सह्यांचं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, आणि संचलनवाली बदक बंद करायला सांगितलं. "पण ते विचारतायत, पंखाचं काम अजून नीट करायचं, तर बाई पुन्हा चाळीस खेपा घालतील का?"

वेनिंगने लिहिलं, "चार वाट्या."

आणि शेवटचा मुर्नीचा, तिला एकटीला.

"म्बाक, आजेंगला विचारलं. मी मांडीवर घेऊन हळूच विचारलं, पोरं गेंबुस म्हणाली म्हणून रडलीस का गं? तर म्हणाली, नाही. म्हणाली, मलाच गेंबुस व्हायचं होतं. मला येते ती चाल, त्यांना येत नाही. पण खेळात मला नेहमी बेडूक करतात, एका जागी बसून पत्र घ्यायला. मी विचारलं, कोण करतं? तर म्हणाली, बाईंनी सांगितलंय, आजेंगला चालायला लावायचं नाही. म्बाक, बाई म्हणजे मीच."

मशीन घुर्र-खट् करत होतं. काउंटरवर तिघं जण ताटकळत होते. वेनिंगने त्यांना हाताने थांबा म्हटलं आणि उत्तर लिहिलं:

"मग उद्या बेडूक तुम्ही व्हा."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर ग्रुपवर एक फोटो आला. बालवाडीच्या अंगणात खडूने आखलेला एक वाकडातिकडा बांध होता. बांधाच्या टोकाशी साडेचार फुटांच्या बाई उकिडव्या बसल्या होत्या, गाल फुगवून, दोन्ही हात पत्रासाठी पुढे करून. आणि त्यांच्याकडे, पायाला पट्ट्या, गळ्यात दप्तर, डावा हात पंखासारखा उघडून, एक गेंबुस निघाली होती. पाय अजून हवेत होता.

बोंदानने फोटो मोठा करून पाहिला असावा, कारण लगेच त्याचा निरोप आला.

"पंख आधी. पास."